रात्री दुखणारं हाड, कोलंबीची अ‍ॅलर्जी आणि बिनटाक्याचा इलाज

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि निम्म्या पत्रांना रिपोर्टची झेरॉक्स टाचलेली आहे. पुन्हा एकदा सांगून ठेवते: झेरॉक्सवरून किंवा खिडकीला धरून मोबाईलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून मी निदान करत नाही. रत्नागिरीत माझं रोजचं काम हाडं, सांधे आणि स्नायूंच्या तपासण्या वाचण्याचं. हाडातल्या काही गाठींवर चिरफाड न करता उपचार करायला मी मुंबईत शिकले. इथली उत्तरं तुमच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं एवढं कळावं म्हणून आहेत. नावं वगळली आहेत, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

लांजा तालुक्यातल्या एक आई लिहितात: मुलगा सोळा वर्षांचा, कबड्डी खेळतो. गेल्या गणपतीपासून उजवी नडगी दुखते. दिवसा ठीक असतो, रात्री दोन-अडीचला उठून बसतो. दुखण्याची गोळी दिली की अर्ध्या तासात झोपतो. एक्स-रेत काही नाही म्हणाले. हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेतलं. शेजारीण म्हणते बाहेरचं काही आहे का बघा. आता एमआरआयमध्ये ‘हाडात सूज, इन्फेक्शन किंवा गाठ’ आलंय. डॉक्टर म्हणतात सीटी करू आणि सुई घालून जाळू. पोराच्या हाडात काय जाळणार? कॅन्सर आहे का?

ताई, रात्री उठून बसतो आणि गोळी दिली की अर्ध्या तासात झोपतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. एमआरआयच्या चिठ्ठीवर ते कुणी लिहिलं नसणार याची मला जवळजवळ खात्री आहे. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ‘पाय दुखतो’ एवढंच असतं, कधी कधी पाय कुठला तेही नसतं. मग मशीन सूज दाखवतं, आणि सूज तर इन्फेक्शनलाही असते, बारीक फ्रॅक्चरलाही असते, गाठीलाही असते. रिपोर्ट लिहिणारा बिचारा तिन्ही लिहून मोकळा होतो.

तुम्ही सांगता तशा दुखण्याला आम्ही पहिल्यांदा ऑस्टिऑइड ऑस्टिओमा आठवतो. हेन्री जॅफी यांनी १९३५ साली या गाठीचं वेगळं वर्णन केलं. ही कॅन्सरची गाठ नव्हे आणि पुढे कॅन्सरमध्ये बदलतही नाही. बहुतेक वेळा दहा ते पंचवीस वयात होते, मुलींपेक्षा मुलांना जास्त. गाठ दीड-दोन सेंटिमीटरच्या आतलीच, पण दुखण्यात मोठ्या गाठींना मागे टाकते, कारण ती प्रोस्टाग्लँडिन नावाचं दुखवणारं रसायन भरपूर तयार करते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकं तेच रसायन अडवतात, म्हणून पोराला इतका पटकन आराम पडतो. (म्हणून ती गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवायची असं मात्र नाही. जठर आणि किडनी दोन्ही त्याची किंमत मोजतात.)

सीटी का, तर या एका गाठीपुरता सीटी एमआरआयपेक्षा सरस आहे, आणि स्वस्तही. एमआरआयमध्ये भोवतालची सूज इतकी पसरलेली दिसते की मूळ गाठ त्यात हरवते. एक मिलिमीटरच्या पातळ कापांत केलेल्या सीटीत चित्र असं असतं: नडगीच्या हाडाची भिंत एका बाजूने जाड, पांढरी झालेली, त्या जाडीच्या पोटात एक छोटं काळसर गोल, आणि बऱ्याचदा त्या काळ्याच्या मध्यावर पांढरा ठिपका. ते गोल म्हणजे गाठ. बाकीचं जाड हाड शरीराने तिच्याभोवती रचलेलं. साध्या एक्स-रेत बऱ्याचदा फक्त ही जाडी दिसते, गोल तिच्याआड झाकलं जातं. तरी तो पहिला एक्स-रे जपून ठेवा. सीटीच्या दिवशी तो सोबत असलाच पाहिजे.

आता जाळण्याचं. पूर्वी ही गाठ काढायला हाडाचा तुकडाच कापावा लागे, कधी आत प्लेट घालावी लागे. गाठ एवढीशी असल्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर ती सापडायचीच मारामार. १९९२ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे विजेच्या लहरींच्या उष्णतेने, ती जाळल्याचं प्रसिद्ध केलं आणि हळूहळू तीच रूढ पद्धत झाली. मुलाला सीटीच्या टेबलावर भूल देतात. त्वचेला अगदी लहान छेद देऊन, सीटीत पाहत पाहत, बारीक ड्रिलने हाडातून गाठीपर्यंत वाट करतात. त्याच वाटेने तपासणीसाठी तुकडा घेता येतो. मग तारेसारखी सुई आत जाते आणि तिचं टोक सुमारे ९० अंशांवर पाच-सहा मिनिटं धरतात. टोकाभोवती साधारण एक सेंटिमीटरचा भाग मरतो, त्यापलीकडचं हाड शाबूत राहतं. मज्जातंतू किंवा त्वचा अगदी जवळ असेल तर मात्र जपावं लागतं, आणि नडगीच्या पुढच्या बाजूला त्वचा जवळ असतेच. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एक गोष्ट सांगते, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी थक्क झाले होते. मूल पूर्ण भुलेत असतं, ड्रिल हाडातून जातं तरी मॉनिटर शांत. टोक गाठीत शिरलं की नाडी एकदम चढते, श्वास जलद होतो. भूल देणारे डॉक्टर मान वर करून बघतात, आणि आम्हाला सीटीच्या आधी कळतं की जागा बरोबर सापडली. एवढीशी गाठ पोराला रात्री का उठवते हे त्यानंतर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि रात्रीचं दुखणं काही दिवसांत जातं. दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त जणांना एकदाच करून भागतं. उरलेल्यांना पुन्हा करता येतं. ड्रिलचं भोक भरेपर्यंत धावणं-उडी बंद, म्हणजे या हंगामात कबड्डी नाही. यावर तो तुमच्याशी भांडेल, भांडू द्या.

आता ‘पण’. हे सगळं, गाठ खरोखर हीच असेल तर. दुखणं दिवसाही थांबत नसेल, नडगीवर फुगवटा वाढत असेल, हात लावला तर गरम लागत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल तर सीटीची तारीख मिळेपर्यंत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. याच वयात हाडाचा कॅन्सरही होतो. आणि चोळणं आजपासून बंद. हाडवैद्यांच्या हातात कसब असतं, निखळलेला खांदा बसवताना मी पाहिलंय. पण ज्या हाडात काय आहे ते माहीत नाही ते चोळायचं नाही. तीन महिने चोळून आमच्याकडे आलेली फिल्म वाचायला मला आवडत नाही.

हर्णैहून एक वाचक: मला कोलंबी आणि चिंबोरी चालत नाही, अंगावर गांधी उठतात. आता पोटाचा सीटी डाय (आतलं उठून दिसावं म्हणून टोचायचं औषध) देऊन करायला सांगितलाय. ओळखीचे म्हणाले, डायमध्ये आयोडीन असतं आणि माशांतही आयोडीन, तेव्हा जिवाला धोका. सीटी टाळू का?

टाळू नका. किनारपट्टीवर हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की त्याची पाटी दवाखान्याच्या दारावर लावावी असं वाटतं. कोलंबी-चिंबोरीची अ‍ॅलर्जी आयोडीनची नसते, त्यांच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते. आयोडीनची अ‍ॅलर्जी असती तर घरातलं आयोडीनयुक्त मीठही चाललं नसतं. ज्याला कोणतीही अ‍ॅलर्जी आहे त्याला डायचा त्रास होण्याची शक्यता किंचित जास्त असते, मग ती कोलंबीची असो की शेंगदाण्याची. तेवढ्यासाठी तपासणी सोडत नाहीत.

खरोखर सांगायच्या गोष्टी वेगळ्या. आधी कधी डाय टोचल्यावर गांधी, घशात सूज किंवा दम लागला होता का? दमा आहे का? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे? किडनी कमजोर आहे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेता का? हे कागदावर लिहून न्या. टेबलावर आडवं झाल्यावर निम्मं विसरायला होतं.

वेंगुर्ल्याहून एका मुलाचं पत्र: बाबा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर कमरेच्या हाडात पसरलाय. परळला टाटात एकदा किरण दिले, चार-पाच महिने बरं वाटलं, आता पुन्हा कुशीवर वळता येत नाही. मोबाईलवर व्हिडिओ आला, सोनोग्राफीच्या लहरींनी कापल्याशिवाय गाठ विरघळते. बाबा म्हणतात, ‘माका आता खंय नेव नको.’ आम्ही भावांनी काजूची बाग काढायची ठरवलीय. करू का?

बाग काढू नका. आधी हे वाचा.

व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. या उपचाराला फोकस्ड अल्ट्रासाउंड म्हणतात आणि तो एमआरआयच्या आत झोपवून करतात. शरीरासाठीच्या अशा यंत्रात लहरी सोडणारे शेकडो बारीक भाग असतात. रापण ओढताना एकट्याच्या दोराने जाळं हलत नाही, दोन्ही बाजूंची सगळी माणसं मिळून ते एका जागी आणतात. तसंच इथे एकेका भागातून निघणारी लहर वाटेतल्या त्वचेला-स्नायूला काही करत नाही, पण सगळ्या एका बिंदूवर भेटल्या की तिथलं तापमान ६० अंशांच्या वर जातं आणि पेशी मरतात. एमआरआय जागा दाखवतो, शिवाय काही सेकंदांनी तापमानही मोजतो. घट्ट हाडाच्या आतलं तापमान त्याला नीट मोजता येत नाही, म्हणून आम्ही हाडाला चिकटलेल्या स्नायूचा आकडा पाहून अंदाज घेतो. (दोन ताईंनी घाबरून विचारलंय: पोटुशीपणी करतात त्या सोनोग्राफीत असं काही होत नाही. ती लहर पसरट आणि अतिशय मंद असते.)

हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याला २०१२ मध्ये मान्यता दिली. कुणासाठी, तर किरणांचा उपयोग झाला नाही किंवा किरण देता येत नाहीत अशांसाठी. मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तीन महिन्यांनी खऱ्या उपचारातल्या सुमारे ६४ टक्के लोकांना फरक पडला, नुसतं यंत्रात झोपवून लहर न सोडलेल्यांत २० टक्क्यांना. हाडावरचं आवरण आणि त्यातले वेदनेचे तंतू तापून मरतात म्हणून दुखणं थांबतं. आकडा चांगला आहे. पण तो वेदनेचा आकडा आहे. कॅन्सर बरा झाल्याचा नाही, आयुष्य वाढल्याचा नाही. ‘विरघळते’ हा शब्द व्हिडिओवाल्यांचा.

शिवाय प्रत्येक जागा चालत नाही. लहरीच्या वाटेत हवेने भरलेलं आतडं आलं की काम अडतं. मज्जारज्जू किंवा मोठा मज्जातंतू जवळ असेल, गाठ त्वचेला लागून असेल, तर भाजण्याची भीती. तासन्‌तास न हलता पडून राहावं लागतं, आणि ज्यांना कुशीवर वळता येत नाही त्यांच्यासाठी तेच सगळ्यात कठीण. आपल्याकडे ही सोय मोजक्या ठिकाणी आहे.

मग काय करायचं? त्याच डॉक्टरांकडे जाऊन क्रमाने चार गोष्टी विचारा. पहिली, हाड मोडायच्या बेतात आहे का? खुब्याजवळचं हाड अर्धं पोखरलेलं असेल तर कुठल्याही जाळण्याआधी त्याला आधार द्यावा लागतो, रॉड किंवा हाडाचं सिमेंट. यासाठी साधा एक्स-रे पुरतो बघा, आणि तो काढायचा राहून गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. दुसरी, त्याच जागी पुन्हा किरण देता येतील का? बऱ्याचदा येतात, एकाच बैठकीत ८ ग्रे एवढा डोस देऊनही काम होतं. तिसरी, सुईने जाळणं किंवा गोठवणं बसतं का? ते सुईनेच होतं, पण फोकस्ड अल्ट्रासाउंडपेक्षा जास्त ठिकाणी मिळतं. हे सगळं बसत नसेल तर चौथी म्हणून लहरींचं विचारा.

हे होईपर्यंत बाबांना कण्हत ठेवू नका. टाटात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्याचा, स्वतंत्र विभाग आहे, आधीची फाईल घेऊन तुमच्यापैकी एकाने आधी तिथे भेटा. मॉर्फिनच्या गोळ्यांना लोक दारूसारखं घाबरतात. कॅन्सरच्या वेदनेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर घाबरायचं कारण नाही, फक्त बद्धकोष्ठाचं औषध सोबत हवंच. आणि बाबा ‘नेव नको’ म्हणतात ते दुखतं म्हणून, की प्रवासाच्या धास्तीने, की खरोखर पुरे झालं म्हणून, हे त्यांना विचारलंत का? तुमच्या पत्रात चार भावांचं मत आहे. त्यांचं एकच वाक्य आहे.

देवगडहून: दंडावर गाठ आहे, दोन वर्षांत वाढलीय. चरबीची आहे, सुट्टीच्या दिवशी काढून टाकू असं सांगितलंय. सोनोग्राफीची गरज आहे का?

आहे. चरबीची असेल तर सोनोग्राफीत बहुधा कळतं, न कळल्यास एमआरआयमध्ये चरबी ओळखू येतेच. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या खाली खोल बसलेली, वाढणारी किंवा दुखणारी गाठ आधी एमआरआय केल्याशिवाय कुणी कापू नये. ती सार्कोमा (स्नायू-चरबीसारख्या मऊ भागाचा कॅन्सर) निघाली, तर घाईत घेतलेला चुकीचा छेद पुढच्या सर्जनला निस्तरावा लागतो, आणि वाचू शकणारा हात कधी कधी वाचत नाही. तुमची वाढतेय. सुट्टी राहू द्या.

चिपळूणच्या एक शिक्षिका, वय ५२: पाठ दुखते म्हणून एमआरआय केला. ‘डिस्क बल्ज, डिजनरेशन, बाराव्या मणक्यात हिमँजिओमा’ असं आलंय. गुगलवर हिमँजिओमा म्हणजे ट्यूमर दिसतंय. झोप उडालीय.

बाई, मणक्यातला हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा छोटा पुंजका. साधारण दहा माणसांत एकाला असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. नेहमीसारखा दिसत असेल तर त्याचं काहीच करायचं नाही, पुन्हा फोटोही काढायचा नाही. खरं तर रिपोर्टात तो लिहिताना ‘निरुपद्रवी’ हा शब्द आम्ही रेडिओलॉजिस्टनी शेजारी लिहायला हवा. लिहीत नाही, मग तुमची झोप उडते.

बल्ज म्हणजे दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) थोडी बाहेर फुगणं. त्याचं म्हणाल तर २०१५ मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत बल्ज होता आणि ८० टक्के लोकांत डिस्क झिजलेली होती. म्हणजे तुमच्या स्टाफरूममधल्या निम्म्याहून जास्त जणींचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल. चाला, पोहता येत असेल तर पोहा, फिजिओथेरपिस्टकडे जा. पायातली ताकद कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, ताप किंवा पूर्वी कॅन्सर असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अलिबागहून: एमआरआयला सौभाग्याचे दागिने काढायला लावतात. सासूबाई तयार नाहीत. काही सवलत?

हिरव्या काचेच्या बांगड्यांना चुंबक ओढत नाही, आमच्याकडे आम्ही ठेवू देतो. सोनेरी वर्ख असेल किंवा मनगटाचाच एमआरआय असेल तर काढायच्या. कुंकू चालतं. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण काढायचेच. सोनं-चांदी ओढली जात नाही, पण तापू शकते, चित्र बिघडवते, आणि कडीत किंवा वाटीच्या जोडात दुसरा कुठला धातू आहे हे कुणी सांगावं. मंगळसूत्र काढल्यावर गळ्यात हळदीचा दोरा बांधून आत गेलेल्या आजी मी पाहिल्यात, दोऱ्याला आमची हरकत नाही.

दागिन्यांवरून वाद होतात, पण आत जाऊन घात करते ती सेफ्टी पिन. पदराची, ब्लाऊजची, परकराच्या नाडीची. आणि कमरेच्या गोफातला ताईत, ज्यात काय आहे ते घरातही कुणाला ठाऊक नसतं. पेसमेकर असेल तर दारातच सांगा. घरातला कुणी बोटींवर वेल्डिंग-ग्राइंडिंग करत असेल आणि त्याच्या डोळ्यात कधी कण गेला असेल, तर त्याच्या एमआरआयआधी डोळ्यांचा एक्स-रे काढून घ्या. आत राहिलेला लोखंडाचा कण चुंबकात हलला तर डोळा जाऊ शकतो.